हात जोडणारा भाऊसाहेब

घरात रोबो बनवायला घेतला की रोबो सावकाश तयार होतो, किस्से मात्र रोज एक! जर्मनीतल्या कॉलेजात आम्ही यंत्रं बनवायचो, ती चालायची आणि विषय संपायचा. सिरसाळ्याजवळच्या आमच्या गावात माझं यंत्र धड चाललंच नाही, म्हणून सांगण्यासारखं इतकं साठलंय.

मुळात सगळी भानगड एका खोलीची. ग्रामपंचायतीमागं एक खोली मोडक्या खुर्च्यांनी आणि जुन्या बॅनरांनी भरलेली. शिकून परत आले ती मी एकच वेड घेऊन : गावातल्या पोरापोरींना पंखे, मोटारी, मिक्सर खोलून बघता येतील अशी जागा हवी. यंत्राला घाबरणारं एकही पोर गावात राहता कामा नये! हे सगळं मी सरपंच नानांना पोटतिडकीनं सांगितलं. नानांनी शांतपणे सुपारी कातरली.

"दिली असती गं खोली. पन लोकं म्हनतील, कावून दिली? काहीतरी करून दाखव."

"रोबो दाखवते!" मी तिथल्या तिथं बोलून गेले. "लहानपणी टीव्हीवर पाहिलेल्या सिनेमातला. तेवढाच उंच, हुबेहूब!"

"मंग पान्याच्या टाकीच्या उद्घाटनाला साहेब येनारेत, त्यांच्या म्होरं हालव त्याला. हालला तर खोली तुझी."

साहेब म्हणजे आमच्या भागातले मोठे पुढारी. झालं! मी कामाला लागले.

*

रोबोचं धड डिझेलच्या जुन्या पिंपाचं, हात ठिबकच्या नळ्यांचे. डोकं मात्र सिनेमात गोल आणि चकचकीत होतं. घरात तसं एकच भांडं : आईचं पुरणाचं पातेलं.

आई म्हणाली, "देते. पन लागलं का परत घेईन."

त्यामुळं घरी पाहुणे आले की रोबोचं डोकं चुलीवर! एकदा काम कुठवर आलंय ते बघायला नाना आले. ओसरीत बिनमुंडक्याचा रोबो उभा. नाना दोन पावलं मागं सरले. आई आतून म्हणाली,

"बसा नाना. त्याच्या डोक्यात डाळ शिजतीय."

*

वेल्डिंगला शब्बीरचाचा होते. हयात ट्रॅक्टर-ट्रॉल्या जोडण्यात गेलेली. ते म्हणाले, "हुबेहूब पायजे ना? मंग आधी पिक्चर दाखव." दुकानात स्टुलावर बसून त्यांनी माझ्या मोबाईलवर अख्खा सिनेमा पाहिला. शेवटी खलनायक मागून येऊन रोबोला दरीत ढकलतो. चाचांनी रुमालानं डोळे पुसले, मोबाईल परत दिला आणि शटर ओढलं.

दुसऱ्या दिवशी जाऊन बघते, तर रोबोच्या दोन्ही खांद्यांवर मोटारसायकलचे आरसे!

"चाचा, सिनेमात त्याला आरसे नाहीत!"

"म्हनून तर मेला ना बेटी!"

*

रंग द्यायला चाचांच्या ओळखीचा पेंटर आला. मी त्याला सिनेमातले फोटो दाखवले, राखाडी रंगाची नेमकी छटा समजावली. त्यानं अगदी तोच रंग दिला, मान्य आहे. पण सारा जन्म ट्रॉल्या रंगवलेला माणूस! सवयीनं त्यानं रोबोच्या पाठीवर लाल अक्षरांत, दोन्ही बाजूंना कमळं काढून लिहिलं : 'आईचा आशीर्वाद'.

मी थिनर घेऊन धावले. आई आडवी आली.

"हात तर लाव त्याला!"

तेव्हापासून पातेलं कायमचं रोबोचं झालं. पुरण आता काकूंच्या पातेल्यात शिजतं.

*

हात हलवायला भंगारातल्या जीपच्या वायपरची मोटर लावली. सिनेमात रोबो एक हात आभाळाकडे उचलतो. आमच्या रोबोनं बटन दाबल्याबरोबर दोन्ही हात पुढं आणले आणि जोडले! बरं, जोडलेले हात खाली कधी येतील याचा काही भरवसा नाही. कधी लगेच, कधी मी जेवून आले तरी तसेच. वायरिंग तीनदा उसवलं. चाचांना विचारलं, तर ते म्हणाले, "वायपर हाय बेटी. पाऊस आला का हालंन."

असाच तो ओसरीत हात जोडून उभा असताना शेजारच्या भागूआजी आल्या. पदर सावरून त्यांनीही हात जोडले.

"ह्यो काम काय करतो गं?"

"काम... सध्या काही नाही आजी. नुसते हात जोडतो."

"मंग निवडून येतोय!"

संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावानं त्याचं नाव भाऊसाहेब ठेवलं.

*

उद्घाटनाच्या दिवशी भाऊसाहेब ट्रॉलीतून मांडवात आले. पोरं पुढंच बसली होती. खोली मिळणार याची त्यांना इतकी खात्री, की काहींनी घरचे बंद पडलेले मिक्सर मांडीवर आणले होते!

साहेब आले. मी हातातलं बटन दाबलं. काही नाही. नानांनी माझ्याकडं पाहिलं. परत दाबलं. खर्रर्र करत हात वर आले आणि जुळले. टाळ्या! साहेब खूश. त्यांनीही वाकून हात जोडले. सगळे मोबाईल वर.

आणि भाऊसाहेबांचे हात अडकले.

आता एवढ्या कॅमेऱ्यांपुढं आधी हात खाली घेणारा पुढारी आमच्या जिल्ह्यात जन्मायचाय अजून! साहेब तसेच उभे. साहेबांचे हात जोडलेले म्हणून मागच्या कार्यकर्त्यांनी जोडले. मग स्टेजनं जोडले, मग मांडवानं. बँडवाल्यानं पिपाणी काखेत मारून जोडले. मी बटन दाबून दाबून थकले, शेवटी ते दोन तळव्यांत धरून मीही हात जोडले.

साहेब हसू न मोडता दातांतून म्हणाले, "नाना, हे हात कवा खाली घेतं?"

नानांनी माझ्याकडं पाहिलं. मी चाचांकडं. चाचा रोबोच्या पाठीमागं उभे होते. ते शांतपणे म्हणाले,

"साहेब, तेवढं पोरांच्या खोलीचं..."

"दिली! दिली खोली!"

खट्. भाऊसाहेबांचे हात खाली.

पोरांनी एकच गिल्ला केला. चाचांनीच मागून काही केलं की काय, म्हणून मी चटकन भाऊसाहेबांच्या खांद्यावरच्या आरशात पाहिलं. आरशात चाचा दिसत होते. त्यांचे दोन्ही हात अजून जोडलेलेच होते.

कार्यक्रम संपल्यावर नानांनी खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. इकडंतिकडं पाहिलं आणि जवळ येऊन हळूच म्हणाले,

"पोरी, आपल्या रस्त्याचं काम लई दिवस अडलंय. मंगळवारी तालुक्याला चाललोय. ह्याला न्हेऊ का संगं?"