म्हात्रेकाकांचं पाणी

"ठसका तं लागत नाय, मॅडम. मंग गिळताना तरास कसला?" हिराबाई म्हणाल्या.

समोर व्हीलचेअरवर त्यांचे यजमान, म्हात्रेकाका. कंपवाताचं जुनं दुखणं. पेणच्या खाडीकाठचं गाव, आयुष्य मिठागरात गेलेलं. न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होत होता, म्हणून डॉक्टरांनी त्यांना पेणमधल्या रामवाडीच्या क्लिनिकमध्ये माझ्याकडे धाडलं. मी स्पीच थेरपिस्ट. आम्ही फक्त बोबड्या पोरांना बोलायला शिकवतो, असा लोकांचा समज. गिळणं तपासायचं कामही आमच्याच गळ्यात पडतं.

चमचाभर पाणी दिलं आणि बोटं गळ्याच्या घाटीवर ठेवली. गिळताना ही घाटी वर उचलली जाते आणि श्वासनळी झाकली जाते. काकांची घाटी उशिरा हलली, तीही अर्धवट. मग "आ" म्हणायला लावलं. आवाज ओला, गुरगुरणारा, म्हणजे पाणी स्वरयंत्रापाशीच साचलेलं. ठसका मात्र नाही.

पाणी चुकून श्वासनळीत शिरलं की ठसका लागतो. तो आपला राखणदार. काकांचा राखणदार झोपला होता. याला आम्ही सायलेंट ॲस्पिरेशन म्हणतो. पाणी मुकाट फुफ्फुसात उतरतं. मुंबईला गिळतानाचा व्हिडिओ एक्स-रे काढला, शंका खरी निघाली.

आजारी माणसाला सोसावं म्हणून हिराबाई पातळ पेज पाजत होत्या. पातळच सगळ्यात वाईट, घाटी उचलायच्या आत ते घसरतं, हे पटवताना माझा घसा बसला. शेवटी दरडावलंच. पाणी, चहा, पेज, सगळं मी दिलेली पावडर घालून आंबिलीसारखं घट्ट करायचं. साध्या पाण्याचा थेंबही द्यायचा नाही, जिवावर बेतेल.

काकांनी घट्ट पाण्याचा एक चमचा घेतला. तो कसाबसा गिळून पुटपुटले, "ह्ये पानी नाय."

उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारं गाव त्यांचं. गोड्या पाण्याची किंमत त्यांना मी काय सांगणार? फार वाईट वाटलं. तरी मी हटले नाही.

हिराबाईंनी पथ्य कडक पाळलं. कुणा पाहुण्याने पेला पुढे केला, तर त्या हातातून काढून घेत. पावसाळा गेला, दिवाळी गेली, न्यूमोनिया फिरकला नाही. दर भेटीत काका साधं पाणी मागत आणि मी नाही म्हणे. पण कंपवात काही थांबला नाही. खाणं आटत गेलं. डॉक्टरांनी पोटात नळी घालण्याबद्दल विचारलं, तर काकांनी मान हलवून नकार दिला.

एका दुपारी मी रोह्याच्या क्लिनिकमध्ये असताना हिराबाईंचा फोन आला. डॉक्टर येऊन गेले होते, आता फार वेळ नाही म्हणाले होते. मुलं तुळशीचं पाणी घेऊन उशाशी उभी होती, आणि ही बाई माझी परवानगी मागत होती.

"तुम्ही थेंब पन नको बोलल्या व्हत्या. पावडर टाकू का त्याच्यात?"

"नको. साधंच द्या."

"फुफ्फुसात गेलं तं?"

"जाऊ दे, हिराबाई."

फोन ठेवला. बाहेरच्या पेशंटला थांबायला सांगितलं आणि दार लावून रडून घेतलं.

काका संध्याकाळी गेले. पाणी ओठांना लागलं तेव्हा त्यांनी जीभ फिरवली, दुसरा चमचाही घेतला, असं हिराबाईंनी मागाहून सांगितलं.

तेव्हापासून कुणाचं पाणी बंद करते, तेव्हा ते पुन्हा कधी द्यायचं, हेही घरच्यांना त्याच दिवशी सांगून टाकते.