विझायला वेळ घेणारा दिवा

बाबा वायरमन होते. खाली उभ्या असलेल्या माणसानं सांगितलं, लाइन बंद आहे, आणि ते खांबावर चढले. लाइन बंद नव्हती. जीव वाचला, पण उजव्या हाताची बोटं वळली ती परत उघडली नाहीत. त्यानंतर सुभानपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्या आईच्या शिलाई मशीनवर चालल्या. दादानं दहावीनंतर कारखाना धरला, मी शिकले. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, हे मी कुणी न विचारताही सांगते. दादा माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात सांगायचा.

तो दादा गेल्या महिन्यात गेला. कारखान्यातून फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिलं निघालं, "शॉक लागला का?" पलीकडचा माणूस गोंधळला. "नाही बेन, छातीत दुखायला लागलं..." आमच्या घरानं सगळी भीती विजेसाठी राखून ठेवली होती. दादाच्या छातीकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

नवरात्रात तो गरब्याच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. पुढे बाबाही गेले; त्यानंतर काही वर्षांनी त्याच्या मनानं घेतलं की गिटारचा अँप्लिफायर आपणच करायचा, जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा. मांडवीच्या बाजारात भटकून त्यानं सामान गोळा केलं आणि एका रविवारी आईच्या कापड बेतायच्या टेबलावर, तिच्याच खाकी कागदावर, तिच्याच खडूनं आखायला बसला. मोठा ट्रान्सफॉर्मर एका टोकाला, गिटारची पिन खोचायची जागा दुसऱ्या टोकाला, नाहीतर नुसती घरघर ऐकू येते. दोन ट्रान्सफॉर्मर एकमेकांना आडवे. आई हातातली सुई तशीच धरून बघत होती. तिनं बोट ठेवलं, "आणि हे डबे कसले?"

"कपॅसिटर. करंट साठवतात. स्विच बंद केला तरी थोडा वेळ..." दादा थांबला, पण बोलून गेला होता.

"बंद केल्यावरही मारतो?"

भिंतीवर बाबांचा फोटो होता. तिघांनीही तिकडे बघायचं टाळलं. "हे माझ्या घरात नको," आई म्हणाली.

दादा कागद गुंडाळून ठेवायचा, पुन्हा उघडायचा. कपॅसिटर इकडे सरकव, तिकडे सरकव, वर झाकण आख. विजेच्या एवढ्या दाबाशी खेळ नको, असं मलाही वाटत होतं. शिकलेली असल्यामुळे नेमकं काय होऊ शकतं ते मला माहीत होतं, आणि त्यानं झोप जास्तच उडायची. शेवटी त्यानंच विचारलं, "आई, काय केलं तर चालेल तुला?"

"करंट गेला की नाही, ते मला दिसलं पाहिजे. तुझ्या सांगण्यावर नाही."

म्हणून दादानं एक छोटा लाल दिवा घेतला, साठलेला करंट उतरेपर्यंत जळत राहणारा. तो समोरच हवा, आईला खुर्चीवरून दिसेल असा, म्हणून अर्धी मांडणी मोडून नव्यानं केली. सामान बसवायच्या पत्र्याला भोकं पाडायच्या दिवशी आईच पुढे आली. "अरे सोन्या, आखलंस वरून आणि जोडणार खालून. डावी बाही उजवीकडे जाईल. कागद पालथा घाल."

मी कागद उलटा करून बघितला. खरंच होतं. तसाच जोडला असता तर सगळ्यात धोक्याची तार गिटारच्या पिनेशी आली असती. दादा मात्र हसत सुटला, "आता बाह्या पण तूच लाव अँप्लिफायरला!"

भोकं पडली. जोडणी राहिली... दादाचं दिवस-कार्य उरकल्यावर ती मी केली, त्याच पालथ्या कागदावरून. आई मागे बसून सारखी म्हणत होती, "एक हात पाठीशी ठेव गं, दोन्ही आत नकोत." स्विच दाबताना तिनं माझा पदर धरून ठेवला होता. व्हॉल्व्ह तांबूस झाले. घरघर नाही. दादाच्या गिटारची एक तार मी छेडली, मला वाजवता कुठे येतं... पण आवाज भरून आला.

बंद केल्यावर आम्ही दोघी लाल दिव्याकडे बघत बसलो. हल्ली रोजच बसतो. तो मंद होतो, थरथरतो, विझतो. तरी मी मीटर लावून खात्री करते आणि आकडा आईला दाखवते. मग ती म्हणते, "हं, आता लाव हात."

दादानं आखलेला अँप्लिफायर पूर्ण झाला. आमच्याच घरात झाला, आणि कुणाला शॉक लागला नाही.