मोकळा तास

फोन आला तेव्हा मी सहामाहीचे पेपर तपासत होते. पलीकडून गायधनी सरांच्या पत्नी म्हणाल्या, "बाई, हे गेले... सकाळी." मी म्हटलं, बरं. काय बावळटासारखं बोलले मी! मग रिसीव्हर हातात धरून तशीच बसले. सांगायला घरात कोणी नव्हतं, आणि अशी बातमी मी ज्यांना सांगितली असती तेच गेले होते.

सर पंचवटीतले. घरात पिढीजात भिक्षुकी, यांनी मात्र गणित धरलं. नव्वदीच्या सुरुवातीला आमच्या जिल्ह्यातल्या गणित शिक्षकांच्या अधिवेशनात दोन दिवस नुसती भाषणं असायची. सर हट्टाला पेटले की दुसऱ्या दिवशी एक तास द्या, त्यात वक्ता नको, अध्यक्ष नको, हारतुरे नकोत. खुर्च्या गोल मांडायच्या आणि ज्याला जे बोलायचंय ते त्यानं बोलायचं. पत्रिकेत हौसेनं छापलं, 'मोकळा तास'. आता शिक्षकाला मोकळा तास म्हटल्यावर दुसरं काय कळणार? अख्खं सभागृह मिसळ खायला पळालं. उरलो तिघं. सर, सायखेड्याच्या शाळेतली मी आणि पेठकडचे एक गुरुजी, तेही चप्पल सापडेना म्हणून. सर चिडले नाहीत, बसा म्हणाले. मग गुरुजी खाली बघत म्हणाले, "मला अपूर्णांक नीट येत नाहीत. वीस वर्षं शिकवतोय." सर हसले नाहीत, फळ्याकडेही गेले नाहीत. खुर्ची जवळ ओढून म्हणाले, "कुठं अडतं?"

नाव बदला म्हणून मी दरवर्षी भांडले. ते म्हणायचे, चहाला जाणारे जाऊ देत, बोलायचंय तो राहील. आणि खरंच, पुढेपुढे माणसं राहायला लागली. मी पहिल्या वर्षापासून राहत होते, पण तोंड उघडलं नाही. तास संपताना सर माझ्याकडे बघून हळूच विचारायचे, "बाई, यंदा?" मी म्हणायची, पुढच्या वर्षी.

गोष्ट एवढीच होती. सातवीतली एक मुलगी, सुमन, प्रत्येक उदाहरणाला 'का' विचारायची. एकदा माझं डोकं फिरलं आणि भेटायला आलेल्या तिच्या वडिलांना मी म्हणाले की हिच्या डोक्यात गणित शिरायचं नाही, कशाला शाळेत पाठवताय. त्यांनी ऐकलं. सोमवारपासून ती आली नाही, दोन उन्हाळ्यांनी तिचं लग्न झालं. बाजाराच्या दिवशी भाजी विकताना दिसली की मी आजही रस्ता बदलते. मला लाज वाटते.

सर गेल्यावर तीन आठवड्यांनी अधिवेशन झालं. त्यांच्या तासाला शोकसभा ठेवली होती. रांगेत खुर्च्या, हार घातलेला फोटो, पाच भाषणं. सरांनी कपाळाला हात लावला असता. मग सगळे चहाला गेले. मी पुढच्या रांगेतल्या दोन खुर्च्या समोरासमोर केल्या, एकीवर बसले आणि सुमनचं नाव घेऊन सगळं सांगितलं, मोठ्यानं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. सांगून झाल्यावर थांबले... कुठं अडतं, असं कुणी विचारलं नाही.

कार्यवाह आत आले. पुढचं सत्र होतं, त्यांनी समोरची खुर्ची उचलायला हात घातला.

"राहू द्या," मी म्हटलं. "तास संपायचाय."