दारावर टेकलेला तळहात

आईच्या डायलिसिसची वेळ झाली होती आणि गाडीच्या चावीचा रिमोट चालेना. नवा सेल घातला, चावी कुलपात फिरवून पाहिली, तरी दार उघडेना. शेवटी सात रस्ता चौकातल्या टपरीतून चावीवाल्या काकांना घरी आणलं. त्यांनी रिमोट उघडला आणि सेलखालची दबलेली पत्ती चिमट्यानं हळूच वर उचलली. मग गाडीच्या दारावर तळहात टेकवून म्हणाले, "आता दाबा."

कुलूप खटकन उघडलं. ते हसले. "मला ऐकाया लई कमी येतंय. पण उघडलं की हाताला कळतंय."

आईला घेऊन निघालो, तेव्हा ते उन्हातून पायीच परतत होते. मी दोनदा हॉर्न दिला. ते वळले नाहीत. मग उतरून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि आईशेजारच्या सीटचं दार उघडून दिलं.