स्टेजची लाकडं

आरमोरीजवळच्या एका प्रशिक्षण केंद्रात मी सुतारकाम शिकवायचो. दरवर्षी नवंकोरं सागवान यायचं, मुलं-मुली त्याचे सांधे करायची, मी मार्क द्यायचो आणि दुसऱ्या दिवशी ते सांधे वसतिगृहाच्या चुलीत जायचे. सागवान जाळून आंघोळीचं पाणी तापवणारे आम्हीच श्रीमंत. एका वर्षी माझं डोकं फिरलं. सांगून टाकलं, यापुढे सराव जुन्या लाकडावरच.

जुनं लाकूड शोधायला लांब जावं लागलं नाही. शेजारच्या गावात मैदानाच्या कडेला भक्कम खांब आणि आडवी लाकडं रचून ठेवलेली होती. बेवारस समजून मी ती उचलून आणली. मी कोरपन्याकडचा, कापसाच्या मुलखातला. इथल्या दिवाळीनंतरच्या नाटकांना मी कधी गेलो नव्हतो; गावाच्या स्टेजची लाकडं अशी रचून ठेवतात, हे मला काय ठाऊक? सरांनी विचारलंच असेल, असं समजून वर्गातही कुणी बोललं नाही. महिनाभरात आम्ही त्यांचे वीतवीतभर तुकडे केले.

दिवाळीनंतर त्या गावच्या नाटकमंडळाचे म्होरके दारात येऊन उभे राहिले.

"सर, आमचं स्टेज कुठी आहे? आठ दिवसांवर नाटक आहे. वडशाची नाटक कंपनी ठरली. नाटकासाठी लेकी माहेरी येऊन राह्यल्या."

मी तुकड्यांचा ढीग दाखवला. त्यांनी एक उचलून उलटसुलट पाहिला. "सांधा चांगला आहे," म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नवं सागवान मागवायचं तर माझाच शब्द आड आला असता, आणि तेवढा वेळही नव्हता. शेवटी म्होरक्यांनीच गावाला सांगितलं, घरात पडलेलं लाकूड आणा. मोडक्या बैलबंड्या आल्या, पाडलेल्या घराचे वासे आले. माझ्या वर्गाने खिळे उपसले, रंधा मारला, सांधे बसवले. मी दिवसभर सगळ्यांवर खेकसत होतो, कारण घाबरलो होतो. एक सांधा सुटला असता तर राजा-राणी थेट जमिनीवर.

नाटकाच्या सकाळी कंपनीतला सगळ्यात जाडा खलनायक वर चढला आणि तीनदा दणादण उड्या मारून उतरला. स्टेज हललं नाही.

दुपारी माझी एक विद्यार्थिनी जंगलातल्या गावाहून आईला घेऊन आली. स्टेजखाली वाकून तिने आईचा हात एका खांबाच्या सांध्यावर ठेवला.

"हा मी केला."

आई बराच वेळ चाचपत राहिली. "अन् खिळा कुठी आहे?"

"खिळा नाई लागत, आई."

आईने पुन्हा एकदा बोटं फिरवली आणि लेकीकडे पाहिलं. बारा वर्षं मी शिकवत होतो. आईला आणून दाखवावं असं माझ्या वर्गात तोवर कुणी काही केलंच नव्हतं.