कनेक्टर ओढून बघा

पोस्टिंग उत्तरेला, बर्फातल्या एका चौकीवर होती. मी लान्स नाईक, रेडिओ ऑपरेटर, गाव मुरगूड. माझे उस्ताद नाईक दत्तू, नेसरीचे. सकाळी सहाला रेडिओ चेक, मग अँटेनाच्या केबलची पाहणी, मगच चहा. हा क्रम त्यांनी कधी मोडू दिला नाही.

केबलच्या टोकाला दाबून बसवायचा कनेक्टर केबलच्या जाडीचाच लागतो. बारीक केबलवर जाड केबलचाही चढतो, दाबला की बसल्यासारखा दिसतो, पण आतल्या तारांची जाळी धरत नाही. एकदा स्टोअरपर्यंत जायचा मला कंटाळा आला. हाताशी होता तो जाड केबलचा बसवला, वर टेप गुंडाळली.

"चालतंय की, उस्ताद."

"पावणं, ओढून बघा."

ओढला, तर हातात आला. आदल्या दिवशी बाहेर अँटेनाला असाच एक लावला होता. ते मी सांगितलं नाही. लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी नऊला उस्ताद तीन जवान घेऊन पेट्रोलवर, म्हणजे गस्तीवर गेले. १३१० वाजता टेलिफोनवर निरोप आला: नाल्यावरचा बर्फ सरकतोय, पेट्रोल थांबवा. मी सेट हातात घेतला. नुसती खरखर. बिघाड कुठे आहे, हे मला तेव्हाच कळलं.

बाहेर धावलो. कनेक्टर टेपवर लोंबकळत होता. केबल कापली, बारीकचा कनेक्टर घेतला, उघड्या बोटांनी दाबला, ओढून बघितला. १३२२.

"नाला ओलांडू नका. आहात तिथंच थांबा. ओव्हर."

"रॉजर. थांबलो. आऊट."

१३४० ला बर्फाचा कडा नाल्यात कोसळला. संध्याकाळी चौघेही परतले. मी सगळं कबूल केलं.

"आता कळलं न्हवं? चहा टाका," उस्ताद म्हणाले.

पुढच्या वर्षी दुसऱ्या चौकीवर, गोळीबारात ते गेले. त्या दिवशी माझा रेडिओ चोख चालू होता. तरी गेले. याचं दुःख अजून जात नाही.

आता मी निवृत्त होऊन कोल्हापुरात रेडिओ दुरुस्ती करतो. हात चालतात, कामाला तोटा नाही, मजेत आहे. यंदा पावसाळ्याआधी गगनबावड्याच्या बचाव पथकाचे सेट नीट करायला गेलो होतो. तिथली ऑपरेटर सुनीता, उस्तादांची मुलगी. ते गेले तेव्हा ती पाळण्यात होती. मी पहिला कनेक्टर दाबून तिच्या हातात दिला. मी काही बोलायच्या आत तिने तो खस्सकन ओढला.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"आई सांगती, काका. बाबा सुट्टीवर आलं की म्हशीचं दावंबी ओढून बघायचं."

मी हसलो. मग पाठ फिरवून दुसरी केबल सोलायला घेतली.