लाल ठिपक्यावर बसवलेला बेल्ट

बायको गेली आणि गाडी पत्र्याच्या शेडखाली उभी राहिली ती राहिलीच. पोरगा म्हणायला लागला, "अप्पा, कुजत पडण्यापरीस भंगारात देऊ. रविवारी माणूस बघायला येतोय."

त्याचं चूक नव्हतं. पण मैंदर्गीला दिलेली माझी लेक पोटुशी होती. आई नाही तर कसलं माहेर, बाळंतपण सासरीच करते, म्हणून हटून बसलेली. सुनेनं समजावलं, मी समजावलं. शेवटी म्हणालो, मी स्वतः आपल्या गाडीतनं न्यायला येतो. त्यावर ती तयार झाली. आता गाडीच नाही म्हटल्यावर तिला आयतं कारण मिळालं असतं.

माझा दोस्त मिस्त्री आहे. तरुणपणी एकाच गॅरेजात आम्ही दोघं शिकलो. मी पुढं टेम्पोवर गेलो, तो पान्याशीच राहिला. त्यानं बॉनेट उघडून बघितलं आणि म्हणाला, "टायमिंग बेल्टला चिरा पडल्यात. वाटंत तुटला तर इंजिन खाईल."

हा दातांचा पट्टा इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या चाकाचा मेळ राखतो. मेळ चुकला की गाडी मुकी. आम्ही दोघांनी मिळून नवा बेल्ट चढवला. हात मोकळे राहावेत म्हणून टॉर्च मी तोंडात धरला होता.

सेल्फ मारला. इंजिन गरागरा फिरलं, पण पकडेना. मधूनच फट् करून उलटं ठसकायचं.

पोरगा चहा घेऊन आला. "सांगू का त्या माणसाला, ये म्हणून?"

"चहा ठेव आन् जा," मी म्हणालो.

प्लग काढले. ठिणगी चांगली. प्लग पेट्रोलनं ओले. म्हणजे दोन्ही पोचत होतं. दोस्तानं प्लग फडक्यावर मांडले. मग म्हणाला, "व्हॉल्व्ह वाकलं असतील तर हेड उतरायला लागंल गड्या. मग तुझा पोरगाच खरा."

"सेल्फला हात लावू नको. पान्यानं फिरव."

तो खालून फिरवायला लागला. मी प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरला. हवेच्या दाबानं अंगठा वर उडाला. चारी भोकांवर उडाला. हवा कोंडतेय म्हणजे व्हॉल्व्ह शाबूत होते. माझा जीव भांड्यात पडला, पण गाडी का चालू होईना ते कळेना. खालच्या चाकाची खूण बरोबर. वरच्या चाकाचा लाल ठिपका इंजिनावरच्या रेघेच्या बरोबर समोर. मागं एकदा बेल्ट बदलला तेव्हा आम्हीच लाल रंगाचा ठिपका दिला होता, त्याच भरवशावर बसवलेला.

मी त्या ठिपक्यावरनं बोट फिरवलं. बोट लाल झालं.

वाळलेला रंग बोटाला लागत नाही.

ते कुंकू होतं. वरच्या चाकाचं झाकण फुटून कैक वर्षं झाली. दर दसऱ्याला बायको बॉनेट उघडायला लावायची. कोरडं कुंकू वाऱ्यानं उडतं म्हणून तेलात कालवून आणायची आणि उघड्या चाकाला बोट लावायची. मी म्हणायचो, स्टेरिंगला लाव की, तितं कशाला. ती म्हणायची, "फिरतंय ते चाक. स्टेरिंग काय, तुमी धराल तिकडं वळतंय."

आमचा रंग कधीच झिजून गेलेला. कुंकू सोडून बाकीचं चाक फडक्यानं पुसलं तर कंपनीनं खुणेसाठी पाडलेली खाच दोन दात पलीकडं निघाली.

दोस्तानं खाचेवरनं नख फिरवलं. मग म्हणाला, "वहिनी गेल्या तरी इंजिनातनं बोट काढंनात की."

मला हसू आलं. मग रडू आलं. तो पाठ करून पाने पुसत बसला.

बेल्ट उतरवून खाचेवर बसवला. "हे कुंकू पुसू का? न्हायतर पुढचा मिस्त्री फसंल," त्यानं पेट्रोलचं फडकं हातात घेत विचारलं.

"ऱ्हाऊ दे. खाचेला पांढरा रंग दे."

पान्यानं दोन फेरे फिरवले, कुठं अडलं नाही. मग किल्ली फिरवली. पहिल्यांदा खोकली, दुसऱ्यांदा पकडली. धूर निघाला आणि शेडातली कबुतरं उडाली.

पोरगा दारात येऊन आवाज ऐकत उभा राहिला. म्हणाला, "ब्रेक बघितलं का? ताईला खड्ड्यांच्या रस्त्यानं आणायचंय."

"तूच बघ की. जॅक तितं हाय."

त्यानं पँट दुमडली आणि चाकापाशी बसला. मी लेकीला फोन लावला आणि पिशवी भरून ठेव म्हणून सांगितलं.